दाजी, गिअरबॉक्स गेला!

गाडीचं इंजिन बिघडलं की माणूस गप्प होतो. गिअरबॉक्स बिघडला की बोलायला लागतो. निदान नगरमध्ये तरी असंच आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण गॅरेजात अजून नगरच चालतं.)

आणि का बोलू नये? 1972 साली आलेल्या ज्या लूनाने निम्म्या देशाला गिअर न टाकता कचेरीत पोचवलं, ती आमच्या दौंड रोडवरच्या कायनेटिकची. पुढे लूना मागे पडली आणि हाच कारखाना दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर आणि गिअरबॉक्स करायला लागला. ज्या गावाने लोकांना गिअरच्या जाचातून सोडवलं, त्याच गावाने नंतर गिअरवर पोट भरलं. शिवाय डीआरडीओची व्हीआरडीई इथेच आहे. लष्कराच्या गाड्यांची परीक्षा घेणारी ही संस्था, त्यामुळे तिथून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ सोसायटीत सापडतोच. आमच्याकडे दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

वर रणगाड्यांचं संग्रहालय, 1994 पासून. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायची प्रथा आहे. तिथली एकही गाडी जागची हलत नाही आणि एकीच्याही क्लचची तक्रार नाही, हे मला फार आवडतं. रणगाड्याचं मूळ तर आणखी मजेदार. 1916 साली इंग्रजांनी पहिला रणगाडा लढाईत उतरवला, तेव्हा तो हाकायलाच चार माणसं लागत: एक ड्रायव्हर, ब्रेकवर साहेब, आणि मागे दोघे नुसते गिअर टाकायला. आत इंजिनाचा गोंगाट एवढा की ओरडून काही कळायचं नाही. ड्रायव्हर लोखंडावर ठोकून मागच्यांना खुणावायचा. आमची गाडीही चौघेच चालवतात. ठोकावं मात्र लागत नाही, कारण चालवणारा सोडून बाकीचे तिघे एकदम बोलतात.

ही गाडी सेकंडहँड आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा क्लच वर आला, म्हणजे पेडलवरून पाय जवळजवळ सगळा उचलला तरी ती हलायचं नाव घेईना. मग चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंब मारायचं आणि काटा साठावरच बसून राहायचा. पहिल्या व्हीआरडीईवाल्या काकांनी जिन्यातच निदान केलं: “सिंक्रो रिंग.” दुसऱ्या काकांनी पहिल्यांचं निदान ऐकलं आणि म्हणाले, “ऑइल. नव्वद नंबरचं टाका.” राहुरीचा मेहुणा फोनवर म्हणाला, “दाजी, गिअरबॉक्स गेला!” हा ऊस लावतो, पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवतो आणि त्याच्या मते जगातल्या चालत्या वस्तूला एकच आजार होतो. त्याच्या विहिरीवरची मोटर बंद पडली, तेव्हाही वीज आहे का हे त्याने सगळ्यात शेवटी पाहिलं.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. अकोले तालुक्यातला माणूस जामखेडला लग्नाला निघाला तर आहेरापेक्षा डिझेलचा खर्च जास्त. पण क्लच मारतं ते अंतर नव्हे, मंद वेग. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रेलर, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस आणि त्या उसाच्या मागे आपण. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली आमच्याच प्रवरानगरला निघाला. सहकाराने जिल्ह्याचं भलं केलं, हे कुणीही मान्य करील. क्लचप्लेटचं केलं नाही. ट्रेलरच्या मागे दुसऱ्यात न्यावं तर गाडी जास्त पळते, पहिल्यात टाकावं तर गुरगुरते. मग माणूस अर्ध्या क्लचवर जगायला शिकतो. त्यात गुरुवारी शिर्डीची गर्दी, शनिवारी शिंगणापूरची. आमच्याकडचे देवसुद्धा वार वाटून घेऊन क्लच झिजवतात.

फाल्गुनात आम्ही मढीला निघालो. कानिफनाथांची यात्रा, गाडीत पाच माणसं आणि डबे. करंजी घाट चढायला लागलो आणि निम्म्यात गाडीचा जीव घशाशी आला. आवाज विमानाचा, चाल बैलगाडीची. तेवढ्यात वास आला. सासूबाई म्हणाल्या, “कुणाची तरी भाकरी करपली गं.” घाटात दोन्ही बाजूंना एकही घर नव्हतं. मी गाडी कडेला घेतली आणि थंड होऊ दिली. मढीला रंगपंचमीला गाढवांचा मोठा बाजार भरतो, लांबलांबचे व्यापारी येतात. आम्ही दगडावर बसलेले असताना गाढवांनी भरलेला एक टेम्पो आमच्या शेजारून निवांत वर गेला. सगळ्या गाढवांनी आमच्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, “त्यांना वर गेल्यावर भाव तरी येईल.”

परतल्यावर मेहुण्याच्या आग्रहाने गाडी एका चकचकीत वर्कशॉपात नेली. कुठलं ते सांगत नाही. एसी, कॉफी, हातात टॅब घेतलेला तरुण. त्याने गाडी दहा पावलंही चालवली नाही. “गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, सर.” आकडा पाच अंकी होता आणि त्यातला पहिला अंक एक नव्हता. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, “सिस्टिम दाखवतेय.” मेहुण्याची छाती फुगली. त्याला पहिल्यांदाच सिस्टिमचा पाठिंबा मिळाला होता.

शेवटी केडगावच्या चाचांकडे गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक लिंब आणि गिऱ्हाइकासाठी कुठल्याशा ओम्नीची काढून ठेवलेली सीट. चाचांनी बॉनेट उघडलं नाही. “सर, हँडब्रेक ओढा. घट्ट. आता तिसरा टाका. आता क्लच सोडा.” मी सोडला. नियमाने गाडीने एक आचका देऊन बंद पडायला हवं. आमची शांतपणे चालूच राहिली. “बघा,” चाचा म्हणाले, “गाडी गिअरमध्ये आहे आणि इंजिनाला खबर नाही. गिअरबॉक्सचा काय गुन्हा? प्लेट संपली.” आणि लगेच बजावलं, “ही परीक्षा एकदाच. रोज घेत बसलात तर परीक्षेनेच प्लेट जळेल.”

मग चहा येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं, ते त्या टॅबमध्ये नव्हतं. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तो क्लच. एकाच गिअरला करकर होते, बाकीचे गुमान पडतात, ती सिंक्रो रिंग. सगळेच करकरतात, रिव्हर्स तर ओरडूनच पडतो, तेव्हा क्लच पुरता सुटत नसतो. आधी केबल बघायची, मग भ्यायचं. पडलेला गिअर आपणहून सुटून न्यूट्रलला येतो, तेव्हा मात्र बॉक्स उघडावा लागतो. न्यूट्रलमध्ये घरघर आहे आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. “कान द्या सर, बाकी काही लागत नाही.” पहिल्या काकांची सिंक्रो रिंग आमच्या गाडीत निर्दोष निघाली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या काकांना सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी बॉक्स उतरवताना मी हजर होतो. आधी बॅटरी सुटली. मग कापलेल्या डब्यात काळं ऑइल सोडलं. खालच्या बोल्टाला चुंबक असतं, त्यावर करडा लगदा चिकटलेला. चाचांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला. “पीठ आहे. चालतंय. तुकडे निघाले असते तर रडायचं होतं.” दोन्ही बाजूंचे शाफ्ट निघाले, केबली सुटल्या, आणि दोन पोरांनी जॅकवर तोलत बॉक्स खाली एका जुन्या टायरवर ठेवला. आतून प्लेट निघाली. नव्या प्लेटीवर अस्तराचा जाड थर असतो आणि रिव्हेटांची डोकी त्यात खोल बुडालेली असतात. आमच्या प्लेटीवर रिव्हेट वर आले होते आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल रेघा ओढल्या होत्या. प्रेशर प्लेटीवर निळे-काळे डाग. “हा तुमचा करंजी घाट,” चाचांनी एका डागावर बोट ठेवलं. “हा उसाचा सीझन.”

फ्लायव्हील लेथवर घासून आणलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेटच बदलला. बेअरिंग बरं आहे तर राहू द्या, असं मी सुचवून पाहिलं. चाचा म्हणाले, “उद्या ते ओरडलं की पुन्हा बॉक्स खाली. मजुरी बेअरिंगच्या किती पट आहे ते विचारा मला.” नवी प्लेट मध्यावर बसावी म्हणून त्यांनी भंगारातल्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट त्यात घालून मगच बोल्ट आवळले. हा शाफ्ट ते कुणाला उसना देत नाहीत. सगळं मिळून बिल चार आकडी झालं.

पैसे देताना त्यांनी विचारलं, “गाडी कोण कोण चालवतं?” मी, बायको, अधूनमधून मेहुणा. चाचा खाली वाकले. ब्रेकच्या पेडलचं रबर कोरं होतं. क्लचच्या रबरावरच्या रेघा पुसून ते गुळगुळीत झालं होतं, तेही फक्त डाव्या कोपऱ्यात. “हा पाय दाबत नाही, ठेवून देतो. आणि मोठा आहे.” सगळ्यांनी सोबत आलेल्या मेहुण्याच्या पायाकडे पाहिलं. त्याचा नंबर अकरा. पण तो हटला नाही. “दाजी, माझा पाय तयारीत असतो. ट्रॅक्टरला तशीच सवय.”

आता त्याने ऑटोमॅटिकचं वेड घेतलंय. क्लचच नाही म्हटल्यावर दोष कुणाला देणार, असा त्याचा हिशेब. 2014 साली सेलेरिओतून जी स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे आली, तिच्या पोटातही हीच क्लचप्लेट आहे. फक्त ती दाबायचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर तिथेही भाकरी करपते. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे शेवटी गिअरबॉक्सच जाणार ना?”

तेव्हा घाटात निघण्यापूर्वी एवढं करा. घरात जो कोणी गाडी चालवतो, त्याला आधी क्लचचं रबर दाखवा. आणि त्या पेडलच्या डावीकडे पाय ठेवायला मोकळी जागा असते, तीही दाखवा. गाडी घेताना त्या जागेचेही पैसे आपण दिलेले असतात.