अजून दोन वीत

नागीण निघालेल्या माणसाची कंबर त्याची एकट्याची राहत नाही. समाचाराला येणारा प्रत्येक जण खुर्चीवर टेकायच्या आधी म्हणतो, "सदरा वर करा बघू." माझं पुरळ पाठीच्या कण्यापासून निघून डाव्या अंगाने बेंबीकडे चाललं होतं. नागिणीच्या तोंडाला शेपूट भिडली की माणूस संपला, हे आमच्या बारामतीत कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारचे आप्पा रोज चहाच्या आधी बोटं ताणून अंतर मोजत आणि धीर देत, "अजून दोन वीत हाय."

डॉक्टर म्हणाले, भिडणार नाही. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वयाबरोबर प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरने आपल्या पेशंटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हे मांडलं. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून पुरळ सहसा मध्यावर थांबतं. ऐकून मला विषाणूबद्दल आदरच वाटला. नीरेच्या कालव्याचं पाणी पिणाऱ्या आमच्या उसाच्या पट्ट्यात सख्खा भाऊ दर नांगरटीला बांध कोरतो आणि हा परका जीव हद्द पाळतो!

दुखणं मात्र हद्दीत मावेना. दिवसभर आग, रात्री ठणका आणि मधूनच अशी कळ, की वाक्यातलं क्रियापद गिळलं जायचं. सूज एवढी की पायजम्याची नाडी बांधवेना. पंख्याचा वाराही झोंबायचा. शेवटी वडिलांचं विरलेलं धोतर सैल गुंडाळलं. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात. आप्पा म्हणाले, "आषाढापर्यंत जपून ठेवा, उपयोगी पडंल."

गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या, तेवढं बरं झालं. ठणक्यासाठीच्या गोळीने ठणका गुंगला आणि मीही गुंगलो. थंड पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याच्या घडीने आग निवायची. पण तिच्यात औषधासारखं काही दिसत नसल्यामुळे समाचाराला आलेल्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता.

इंदापूरहून आक्का एसटीने आली. पिशवीत डाळिंबं, गेरूची पुडी आणि कडेवर नातू. नातवाला बायकोने बाहेरच्या ओट्यावरच थांबवलं. ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "बरं, डाळिंबं खा आणि गेरू लाव," आक्का म्हणाली. पण फोड फोडायचे नाहीत, लेप लावायचा नाही, जंतू शिरतात, हाही हुकूम होता. गेरू वाया जाऊ नये म्हणून आक्काने आमच्या तुळशीची कुंडी रंगवली. मग एका मंत्र घालणाऱ्याचा पत्ता दिला. "गुण येतोच," ती म्हणाली.

येणारच. फोड बहुधा दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात. तोवर ज्याचा उपाय चालू असेल, त्याच्या खात्यावर गुण जमा होतो. काहींचं दुखणं मात्र फोड गेल्यावरही महिनोन्महिने राहतं. त्या दुखण्यावर अजून कुणी हक्क सांगितल्याचं ऐकलं नाही. माझे फोड सुकले, तेव्हा गेरू, मंत्र आणि आप्पांची वीत असे तीन दावेदार उभे होते.

तेव्हा मी आप्पांना विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"अंगभर!" आप्पा अभिमानाने म्हणाले.

"मग तुमचीही आत बसलेली आहे."

आप्पांनी चहा खाली ठेवला आणि स्वतःची कंबर चाचपली. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस २०२३ पासून आपल्याकडेही मिळते, हे सांगितल्यावर ते उठलेच. हल्ली ते माझी कंबर बघत नाहीत. कुणी डॉक्टर भेटला, की लशीची किंमत विचारतात आणि एका डोसात भागेल का, यावर घासाघीस करतात.