बादलीचं वजन वजा करा

ज्याचा जितका कचरा, त्याला तितकं बिल, ही कल्पना सगळ्यांना पटते. फक्त ती शेजाऱ्यापासून सुरू करावी, असं प्रत्येकाचं म्हणणं असतं.

सध्या आपल्याकडचा हिशोब सरसकट आहे. राज्य सरकारनं २०१९ साली घनकचऱ्याचे उपविधी आणले, त्यातही घरांसाठीचं शुल्क घरटी, दरमहा ठरलेलं. म्हणजे जिच्या घरातून आठवड्याभरात लसणाची सालं आणि कॅलेंडरचं एक पान निघतं ती एकटी म्हातारी, आणि ज्यांच्या दारात रोज ऑनलाइनचे खोके येऊन पडतात ते शेजारी, दोघंही सारखेच. दक्षिण कोरियानं हा घोळ १९९५ साली निस्तरला. ठरावीक पिशवी पैसे मोजून घ्यायची आणि त्याच पिशवीतून कचरा द्यायचा. तैपेईनं २००० साली तेच केलं. तिथे कचऱ्याची गाडी बेथोवनची धून वाजवत येते म्हणे. वाजवण्यात आपली घंटागाडीही कमी नाही. राहिलं आहे ते पिशवीचं.

आता हे नाशिकजवळच्या ओझरला, तेही पिशवीऐवजी वजनकाट्यावर, आलं तर?

आमच्या ओझरला मोजमापाचं वावडं नाही. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून गावाची ओळखच ‘ओझर मिग’. त्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्या गल्लीत आहेत. हयातभर त्यांनी विमानाचे सुटे भाग तपासले, आता ते मेथीची जुडी तपासतात. कचऱ्याला वजनावर पैसे लागणार म्हटल्यावर त्यांनी आधी शास्त्र सांगितलं: ओल्या कचऱ्यात खरं वजन पाण्याचं, ते नगरपरिषदेला का द्यायचं? म्हणजे उद्या गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी कलिंगडाची सालं वाळत पडणार, आणि खाली एखादी वहिनी ओरडणार, ‘अहो, आभाळ आलंय, कचरा आत घ्या!’

बायका याहून व्यवहारी. आमच्या हिचं भंगारवाल्याशी वागणं बघा. रद्दी काढली की पहिलं वाक्य, ‘भाऊ, काटा आधी शून्यावर आणा.’ मग गठ्ठ्याची सुतळी सोडायची नाही, कारण सुतळीलाही वजन असतं. वहीचे पुठ्ठे मधोमध दडवायचे. काटा किंचित वर राहिला की गठ्ठ्यावर अजून एक दिवाळी अंक, आणि त्याचे वेगळे पैसे. हीच बाई उद्या घंटागाडीवाल्या ताईला म्हणेल, ‘अगं, बादलीचं वजन वजा कर. आणि तो नारळ देवाचा आहे, तो कशाला धरतेस?’ काटा तोच. येणं असलं की तो हलका दाखवतो, देणं असलं की जड.

पुढची गंमत रस्त्यावर. अनेक ठिकाणी कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराला टनावर पैसे मिळतात. त्यामुळे घरातून निघताना वाळून रोडावलेला कचरा डेपोच्या काट्यावर पोचेपर्यंत चांगलं बाळसं धरील. वाटेत त्याला माती-मुरूम कुणी भरवला, हे विचारायचं नसतं.

आणि जो काट्यावर येणारच नाही त्याचं काय? रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेल्या माणसाच्या हातात पिशवी दिसू लागेल. जाताना असेल, येताना नसेल. हायवेच्या कडेला उतार आहे, बाणगंगेवर पूल आहे. नदी बिचारी पावती मागत नाही.

तरीही, ओझरला हे जमणारच नाही असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही. कारण याच गावानं एकदा पाणी मोजून दाखवलं आहे. वाघाड धरणाच्या कालव्याला ओझर शेपटाकडे. वरच्यांची तहान भागून उरलं तर इकडे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जमवून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापन पद्धतीनं घ्यायचं, जितकं घेतलं तितके पैसे भरायचे, आणि वाटप शेतकऱ्यांनीच करायचं. बांधावरून भाऊबंदकी करणारी माणसं पाण्याच्या मापावर मात्र एकमत झाली. कारण सोपं होतं. माप सरकारी साहेबाच्या नव्हे, आपल्याच माणसाच्या हातात होतं, आणि कुणी चोरून दारं धरलं तर ते गावाला सकाळच्या चहाआधी कळायचं.

तेव्हा माझी सूचना एवढीच, की बिल पोस्टानं पाठवू नये. चौकात फळा लावावा आणि घरागणिक किलो लिहावेत. पैशाला न भिणारा माणूस ‘लोक काय म्हणतील’ला भितो.

धोका एकच आहे. फळ्यावर खाली नाव आलं तर काही घरांत रडारड होईल: ‘आमचा कचरा कमी? म्हणजे आमच्या पोरीच्या लग्नात पंगती उठल्याच नाहीत की काय?’ आणि ज्याचं नाव सगळ्यात वर, त्याचा दुसऱ्याच दिवशी मित्रमंडळातर्फे वीस फुटी फ्लेक्स लागेल, खाली पन्नास शुभेच्छुकांचे फोटो. तो फ्लेक्स उतरल्यावर कुणाच्या खात्यात वजन करायचा, तेवढं नगरपरिषदेनं आधीच ठरवून ठेवावं.