घोडं बदललंय!

कोल्हापुरात कुस्ती सगळ्यांना कळते, मटणही सगळ्यांना कळतं. घोडं मात्र अख्ख्या शिवाजी पेठेत एकट्या तात्यांनाच कळतं, असं तात्यांचं ठाम मत आहे. वडील टांगा हाकायचे. तात्यांनी स्वतः तरुणपणी घोडागाडीच्या शर्यती मारल्या, पुढं नोकरी केली, आणि आता मुलाच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. घोडं जिन्यानं चढत नाही म्हणून नाही, नाहीतर तेही असतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी खुंटीला जुना तोबरा लटकतोय. त्यात मनीप्लांट छान दिसेल असं सूनबाई एकदा बोलून गेल्या, तर तात्या दोन दिवस पोटभर जेवले नाहीत.

वरातीत सगळे नवरदेवाकडं बघतात, तात्या वाकून नाल बघतात. सिनेमातही तेच. ‘मराठा तितुका मेळवावा’ कितव्यांदा बघताय असं विचारलं तर ‘नीट कुटं बघून झालाय’ म्हणतात. पडद्यावर घोडदळ दौडत असलं की यांचा एक हात आपोआप लगाम धरल्यासारखा वर येतो. घायाळ सरदार घोड्यावरून कोसळतो, मागच्या खुर्चीत बायका पदर डोळ्याला लावतात, आणि तात्यांचा आवाज येतो, ‘‘तंग ढिला हाय. पडणारच की!’’

अशा माणसाला नातवानं हौसेनं ‘वॉर हॉर्स’ लावून दिला. स्पीलबर्गचा 2011 चा सिनेमा. पहिल्या महायुद्धात एका इंग्रज शेतकऱ्याच्या पोराचं घोडं लष्करात विकलं जातं. ते फ्रान्सच्या रणांगणावर इंग्रजांकडून जर्मनांकडं, तिथून एका फ्रेंच आजोबा आणि नातीकडं असं फिरत राहतं आणि शेवटी त्याच पोराला भेटतं. मूळ मायकल मॉर्पर्गोची 1982 ची मुलांसाठीची कादंबरी. तिचं लंडनला नाटकही झालं आणि त्यात घोडं बाहुलीचं होतं, असं मी सांगितलं, तर तात्या म्हणाले, ‘‘शाणी माणसं. चंदीचा खर्च वाचला.’’

पहिली दहा मिनिटं तात्या खूश. जोई नावाचं ते घोडं पडद्यावर आलं तसे तात्या खुर्चीत सरसावून बसले. कुमैत रंग, कपाळावर पांढरा ठिपका, चारी पाय पांढरे. ‘‘पंचकल्याणी! आयला, साहेबाला जनावर कळतंय रे!’’ काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. आमटी उतू गेली ती वेगळीच.

मग पोरानं त्या घोड्याला नांगराला जुंपलं, आणि बिनसलं. सवारीचं जनावर, खडकाळ रान, वर पाऊस, आणि बघायला अख्खं गाव. संगीत असं काही चढत गेलं की नांगरापेक्षा व्हायोलिनवालेच जास्त घामाघूम झाले असावेत. सूनबाईंचा कंठ दाटला. तात्या म्हणाले, ‘‘खांदं सोलून निघालं असतं त्याचं. आन् हे पोरगं मिठ्या मारतंय. मिठ्या कसल्या मारतोस, खरारा कर की!’’

खरी तक्रार तीच होती, आणि मला ती पटते. दोन अडीच तास सगळे त्या घोड्याशी बोलतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात. पोटाला काय घातलं, पाणी कुठं पाजलं, नाल निखळला तर काय, याची चौकशी तात्यांच्या समाधानापुरती कुणी करत नाही. त्या युद्धात घोडी तोफेच्या गोळ्यापेक्षा उपासमारीनं, चिखलानं, थंडीनं आणि रोगराईनं जास्त मेली. उपासमारीवर व्हायोलिन चालत नाही. दोन फौजांच्या मधोमध जोई काटेरी तारेत गुरफटतो आणि एक इंग्रज, एक जर्मन मिळून त्याला सोडवतात, तिथं माझाही घसा जरा दाटला होता, कबूल. तात्या मात्र हिशेब मांडत होते. ‘‘एवढी तार आत घुसल्यावर धनुर्वात व्हायाचा सोडतोय व्हय?’’

शेवटी लालभडक आभाळाखाली घोडं घरी परत. नातू टाळ्या वाजवतोय, तात्या गप्प. मला राहवलं नाही म्हणून सांगितलं, की ऑस्ट्रेलियातून त्या युद्धासाठी लाखाच्या वर घोडी बाहेर गेली आणि मायदेशी परत गेलं फक्त एक, गॅलिपोलीत पडलेल्या जनरल ब्रिजेसचं सँडी. उरलेल्यांतली कितीतरी आपल्याकडं हिंदुस्थानी फौजेच्या गळ्यात मारली.

‘‘एकच गेलं?’’ तात्या बराच वेळ तोबऱ्याकडं बघत राहिले. ‘‘मग न्हाई गेली त्यांच्यावर काढायचा की पिच्चर.’’

इथं थांबायला हवं होतं. पण सिनेमाभर तात्या मधूनमधून ‘घोडं बदललंय’ असं ओरडत होते आणि सगळे त्यांना गप्प बसवत होते. त्यांची बाजू घ्यावी म्हणून मी मोबाईलवर शोधलं आणि वाचून दाखवलं, की जोईचं काम चौदा घोड्यांनी केलंय. आठ मोठी, चार शिंगरं, दोन तान्ही. तात्यांचा चेहरा असा फुलला की जणू शर्यतच मारली. तेवढ्यात नातवानं पुढची ओळ वाचली. सगळी एकसारखी दिसावीत म्हणून पांढरे पट्टे मेकअपवाले रंगवायचे.

‘‘म्हणजे पंचकल्याणी...?’’

‘‘रंग, आजोबा.’’

एवढं मोठं युद्ध, एवढी माणसं मेली, तात्या हलले नव्हते. आता मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली. जरा वेळानं म्हणाले, ‘‘बाजारात असं रंगवून इकलं असतं तर गाढवावरनं धिंड काढली असती.’’ आणि लगेच, ‘‘मग शेवटाला त्या पोरानं वळखलं ते कंचं रे?’’

हे आम्हा कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून रिमोट तात्यांच्या ताब्यात आहे. चित्र थांबवून, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लावून ते कान, मान आणि खुराचा घेर तपासतात आणि नातवाच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवतात. आजवर नऊ घोडी वेगळी काढलीत. राहिलेल्या पाचांसाठी येत्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा बसायचं ठरलंय, आणि काकूंनी त्याच दिवशी माहेरी जायचं ठरवलंय.