आबांच्या धाकट्याची इस्टेट

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या की. रविवारी आबांच्या दारात पांढरी गाडी उभी होती, ती पाहिलीत ना? शिरूरची माणसं. धाकट्याला बघायला आली होती. पोहे झाले, चहा झाला आणि मुलीच्या वडिलांनी विषय काढला, "आपलं काय काय आहे?" आबा रेल्वेच्या पेन्शनपासून सुरू करून केडगावकडच्या उसावर, गुऱ्हाळावर आले. तेवढ्यात धाकटा मध्येच म्हणतो कसा, "आणि माझ्या नावावर साठ-सत्तर डोमेन आहेत."

त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. पण पाहुणे रांजणगाव एमआयडीसीच्या अंगाला प्लॉटिंग करणारे. त्यांनी लगेच धरलं. "म्हणजे रस्ता व्हायच्या आधी गुंठा घेऊन ठेवायचा आणि कंपनी आली की विकायचा. तसंच ना?" हा म्हणाला, तसंच, फक्त इंटरनेटवरच्या पत्त्याचं. वर्षाला पैसे भरायचे, नाही भरले तर नाव सुटतं आणि दुसरा कुणीही उचलतो. "म्हणजे सातबारा नाही," पाहुणे म्हणाले. माणूस हुशार आहे बरं का.

मग यादी निघाली. आपल्या बाई होत्याच तिथं. चार शहाणी माणसं दिसावीत म्हणून आबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. बाईंचं इंग्रजी तुम्हाला ठाऊकच आहे. 'कलर'मधला यू राहिला तर पोराला वीस वेळा लिहायला लावायच्या. त्यांनी चष्मा लावला आणि यादी वाचता वाचता भुवया वर. कुठेच यू नाही! टायरमध्ये वायच्या जागी आय. ज्वेलरीत एल एकच. सेंटरचं शेपूट उलटं. "का रे, हे मी शिकवलं तुला?"

"बाई, हे अमेरिकन आहे."

"ते मला दिसतंय. वेब्स्टरचा प्रताप. 1828 साली एवढा मोठा शब्दकोश काढला त्यानं, नि साहेबाच्या इंग्रजीतली अक्षरं छाटून ठेवली."

"पण पैसा तिकडेच आहे ना," हा म्हणाला, आणि त्यानं गोष्ट सांगितली. 2011 साली अमेरिकेत फोटोचं ॲप काढणारी एक कंपनी निघाली, नाव कलर. त्यांनी दोन्ही पत्ते विकत घेतले. यू नसलेला 3,50,000 डॉलरला आणि यू असलेला 75,000 डॉलरला. विचार करा वहिनी, शब्द तोच, घेणारा तोच, आणि साहेबाच्या स्पेलिंगला जेमतेम पाचवा हिस्सा! बाईंचा चेहरा असा झाला, जणू त्यांचीच किंमत कुणी पाडली.

पण बाई कच्च्या गुरूच्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या कंपनीचं पुढे काय झालं?" हा जरा घुटमळला. पुढच्याच वर्षी बंद पडली म्हणे, चार कोटी डॉलर भांडवल होतं तरी. पाहुणे खो-खो हसले. त्यांचं म्हणणं, प्लॉट ज्यानं विकला तो सुटला, घर बांधणाऱ्याचं काय ते तो बघेल.

खरी मजा पुढेच आहे. बाईंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. आधी पुणे, मग टायर्स, तेही आयवालं, आणि शेवटी डॉट इन. "हे घेणार कोण?" बाई म्हणाल्या. "नगर रोडला शिरूरपर्यंत टायरची इतकी दुकानं आहेत. एका तरी पाटीवर आय दाखव मला. आपल्याकडे कंपन्यासुद्धा वायच लिहितात. आणि ओहायोतला टायरवाला पुण्याचं नाव घेऊन काय करणार आहे?" खरंच की हो! गाव आपलं, शेपूट भारताचं आणि मधलं स्पेलिंग अमेरिकेचं. ना इकडचं गिऱ्हाईक, ना तिकडचं. डॉट इन 2005 मध्ये सगळ्यांना खुलं झालं, म्हणजे या पोरानं पाटीवर मुळाक्षरं गिरवली असतील तेव्हा. आणि डॉट कॉममधले नुसते टायर, नुसती ज्वेलरी असले शब्द तर त्याच्याही आधी लोकांनी उचललेले. मागून जाणाऱ्याला जोडशब्दच मिळतात. मग निदान जोड तरी एकाच देशाची हवी ना? मला तर बाईंचं शंभर टक्के पटलं. वर शिरूरचे पाहुणे म्हणाले, हल्ली पत्ता टाइप करतंय कोण, लोक गूगलला विचारतात आणि त्याला दोन्ही स्पेलिंगं कळतात. त्यावर पोरगा गप्पच.

आणखी एक भानगड. यादीच्या शेवटी मोठ्या कंपन्यांच्या नावांत एखादं अक्षर फिरवलेली चार-पाच नावं होती. पाहुण्यांबरोबर त्यांचे वकील मेहुणे आले होते, ते तोवर नुसते चिवडा खात होते. ते एकदम म्हणाले, "ही आजच सोडून द्या." रेडिफमधल्या ईच्या जागी ए घालून कुणीतरी पत्ता घेतला होता, त्याला आपल्या मुंबई हायकोर्टानं 1999 मध्येच मनाई केली. पुढे 2004 साली सिफी नावावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. समोरच्यानं एक एफ जास्त लावला होता, तरी निकाल सिफीच्याच बाजूनं लागला. कलर कसाही लिहा, तो कुणाच्या मालकीचा नाही. पण कुणी कमावलेलं नाव एक अक्षर बदलून आपलं होत नाही, असं ते म्हणाले आणि परत चिवड्याकडे वळले.

इतका वेळ आबा गप्प होते. आता त्यांनी विचारलं, "आपल्या गावाचं कुठलं घेतलंस?" यानं दौंड घेतलेलं डी-ए-यूवालं, पुढे मिठाई जोडून. आबा खवळले. "जन्म गेला माझा या जंक्शनवर. 1878 साली मनमाडची लाइन सुरू झाली, तेव्हा कागदोपत्री डी-एच-ओच होतं. साहेबानं धोंड लिहिलं, ते कसं विसरलास?" पोरगा म्हणतो, आबा, धोंड कोण शोधणार? त्यावर आबा म्हणाले, शोधेल की, लंडनमधला एखादा ज्याचा पणजोबा इथं ड्रायव्हर होता. वहिनी, मला हसू आवरेना. एका पणजोबासाठी दरवर्षी पैसे भरायचे!

मग शिरूरची पाळी. साहेबाच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये एच नाहीच, सिरूर. जुनी माणसं तर अजून घोडनदीच म्हणतात. आणि शिरूर काय एकच आहे का? बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. पाहुणे वैतागून म्हणाले, सोडा हे इंग्रजी, आपल्या लिपीत घ्या! मिळतं हो, डॉट भारत 2014 पासून आहे. सगळ्यांना वाटलं मिटलं. पण पाहुण्यांनी खिशातून कार्ड काढलं, त्यावर शिरुर, रु ऱ्हस्व. बाईंनी पेन काढलंच. उपान्त्य ऊ दीर्घ हवा म्हणाल्या. पाहुणे म्हणतात, आमच्या पाटीवर कधीपासून असंच आहे. म्हणजे तिथंही दोन नावं घ्यायची आणि दोन्हींचे पैसे भरायचे. झाली ना पंचाईत?

या गोंधळात फक्त पाहुण्यांच्या मुलीचं डोकं ठिकाणावर होतं. रांजणगावला कंपनीत अकाउंट्स बघते. तिनं इतकंच विचारलं, "आजवर विकली किती?" हा म्हणाला, तीन. "आणि भरले किती?" त्याला सांगता येईना. मग ती यादी घरी घेऊन गेली.

काल यादी परत आली. आबांच्या सौ.नी दाखवली मला. पुणे टायर्स खोडलंय, वकील मामांनी सांगितलेली सगळी खोडलीत, दौंड मिठाई ठेवलंय. उरलेल्यांपुढे पैसे भरायच्या तारखा. आणि जॅगरीच्या एका नावाला गोल केलाय, शेजारी लिहिलंय, "याचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच. विकू नका, बाबांच्या गुऱ्हाळासाठी ठेवा."

आता याला होकार म्हणायचा का, असं त्या मला विचारत होत्या. अहो, "बाबांच्या" लिहिलंय तिनं. "तुमच्या वडिलांच्या" नाही. तुम्हीच सांगा.