गालावरचा जपानी कवी

माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेपासून गालफडापर्यंत जन्मजात निळसर-काळा डाग आहे. माजलगावच्या मोंढ्यात माझं बी-बियाणं नि औषधांचं दुकान. औषधं पिकाची, पण नवखं गिऱ्हाईक आधी माझीच चौकशी करतं, "मालक, कुणी हाणलं?" आईला तर जन्मभर याचा जाब द्यावा लागला. "गिराणात मी इळीला हातसुदीक लावला नव्हता," हे ती कुणी न विचारताही सांगायची.

मुलीच्या लग्नाचे फोटो आले, त्यात फोटोवाल्याने डाग परस्पर पुसून टाकला होता. मी स्वतःवर खूश होऊन अल्बम दोनदा चाळला आणि बायकोला म्हटलं, लेझर करून घेतो. "आता कुणाला दाखवायचंय?" ती म्हणाली. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर न देता संभाजीनगरची एसटी धरली.

तिथल्या कातडीच्या डॉक्टर मॅडमनी डागाचं नाव सांगितलं, नीव्हस ऑफ ओटा. 1939 साली जपानच्या मासाओ ओटा या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. हे डॉक्टर किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने कविता नि नाटकंही लिहीत. साहित्याशी माझा आलेला संबंध एवढाच, आणि तोही गालापुरता.

रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीच्या खालच्या थरात अडकून राहिल्या की असा डाग पडतो, आणि आशियाई लोकांत तो जास्त दिसतो. अशा माणसाला कधीमधी काचबिंदूही होतो, म्हणून मॅडमनी आधी डोळ्याचा दाब तपासून आणायला लावला. मग लेझर समजावला. ठराविक लहरीचा प्रकाश क्षणभरच सोडायचा, म्हणजे ज्याला मारायचं तेवढंच तापतं. अमेरिकेत अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 मध्ये हे मांडलं.

"म्हणजे तणनाशकच की! पीक राखायचं, तण मारायचं."

"हो, पण तुमचं पीक नि तण एकाच रंगाचं आहे," मॅडम माझ्या उजव्या, बिनडागी गालाकडे बघत म्हणाल्या.

लेझर शोधतो कातडीतलं रंगद्रव्य, मेलानिन, आणि आमच्याकडे ते वरच्या थरातही ठासून भरलेलं. जोर जास्त झाला की वरची कातडी भाजते, मग पांढरी तरी पडते नाहीतर आणखी काळवंडते. म्हणून 1064 नॅनोमीटरची लांब लहर वापरायची. वरचं मेलानिन तिला कमी शोषतं आणि ती खोलवर पोचते. मात्रा बेताची. आधी कानाजवळ छोटासा तुकडा करून आठवडे-आठवडे वाट बघायची. "पंपाला सांगितलंय तेवढंच टाका," असं मी गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगतो. इथे मात्र म्हणालो, "मॅडम, जरा डोस वाढवा ना, लांबून येतो." त्यांनी ऐकलं नाही.

बधिर करायचं मलम, डोळ्यांवर झाकणं, मग टकटक आवाज आणि जळक्या केसांचा वास. प्रत्येक टकटकीला गालावर बारीकसा पांढरा ठिपका उमटायचा नि थोड्या वेळाने विरायचा. उठल्यावर पथ्य एकच, ऊन टाळा. एप्रिलात. माजलगावात.

तोंडाला पांढरं सनस्क्रीन, त्यावर रुमाल, काळा चष्मा, अशा थाटात मोटारसायकलवर निघालो तर गावाबाहेर निवडणुकीची नाकाबंदी. "रुमाल काढा." काढला. पांढरा लेप, त्याखाली निळा गाल, त्यावर खपल्या.

"भांडण कुठं झालं?"

"लेझर केलंय."

"कामून?"

आमच्या घरातलाच प्रश्न, आता वर्दीत उभा. मी गप्प राहिलो. हवालदारांनी कॉलर खाली ओढून मानेवरचा चामखीळ पुढे केला, "याला चालतंय का?"

पुढे महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने फेऱ्या चालू राहिल्या. मधेच गाल थोडा काळवंडला, तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने हळद-दुधाच्या सायीपासून शेणाच्या राखेपर्यंत उपाय सांगितले, आणि सगळे फुकट. मॅडम म्हणाल्या, उन्हाचा परिणाम, उतरेल. उतरला. हळूहळू डागही फिकट होऊन निम्म्यावर आला.

तेवढ्यात वसुलीचा हंगाम. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे उधारी मागितली, तर पठ्ठ्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणतो, "तुम्ही कोण? म्या तर निळ्या गालाच्या मालकाकडून माल नेला व्हता."

मी मान वळवून उरलेला डाग दाखवला. त्याने बराच वेळ निरखून पाहिला आणि खिशात हात घातला.

"एवढ्यावर निम्मेच बसतेत बगा."