मात्रा किती?

पंगतीत काका बसले, की यजमानाची नजर वाढप्याकडे नसते, काकांच्या शर्टाच्या खिशाकडे असते. त्या खिशात आयोडिनची बाटली असते. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून निवृत्त होताना काकांनी किल्ल्या परत केल्या, सवयी घरी आणल्या. मागे एका साक्षगंधात त्यांनी बर्फीवर थेंब टाकला आणि ती भर मांडवात निळी पडली.

"स्टार्च!" काका.

"मंग लग्न मोडाचं का?" मुलीचे मामा.

"नाही बाबू. पीठ पोटाले चालते. खव्याच्या भावानं नाही चालत."

घरी हळद आली, की चिमूटभर पाण्यात कालवून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब. रंग गुलाबी झाला तर मेटॅनिल यलो. ही बाटली काकूंनी फोडणीच्या डब्याशेजारून उचलून संडासाच्या फळीवर नेऊन ठेवली आहे.

पण काकांना नुसतं भेसळवेडं म्हणणं अन्याय आहे. थेंबाने 'आहे की नाही' तेवढं कळतं, 'किती' ते नागपूरच्या प्रयोगशाळेतलं यंत्रच सांगतं, हे ते स्वतःच बजावतात. म्हणून कोणी काही 'विषारी' किंवा 'पौष्टिक' म्हटलं, की काकांचा एकच प्रश्न : "मात्रा किती?"

मध पाण्यात सोडून पाहणाऱ्या शेजाऱ्याची त्यांनी तासभर शिकवणी घेतली. ऊस आणि मका यांच्या साखरेतला कार्बन फुलांच्या रसातल्या कार्बनहून वेगळा निघतो, म्हणून त्यांची भेसळ प्रयोगशाळेत सापडते. तांदळाचा पाक मात्र त्या चाचणीतून निसटतो, कारण या बाबतीत धान फुलांच्याच जातीचं. "आपल्या तुमसरचं धान, बाबू! असं तसं सापडते का?" भेसळीचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

त्यांचा खरा जीव लाखोरीत. धान कापायच्या आधी उभ्या बांधीत फेकायची, उरल्या ओलीवर वाढणारी ही डाळ. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्महिने हीच डाळ खाल्लेल्यांचे पाय लुळे पडले. 1961 साली विक्रीवर बंदी आली. नागपूरचे शांतिलाल कोठारी त्या बंदीविरुद्ध उपोषणाला बसले, पुढे महाराष्ट्राने ती उठवली, हा इतिहास काका वडे तळले जात असताना सांगतात. वडे लाखोरीचेच असतात. डाळ रात्रभर भिजवायची, पाणी फेकायचं, कारण ओडॅप पाण्यात उतरतं. काकूंनी एकदा फेकलं की काका पुन्हा भिजवतात.

"आता डारच फेका ना," काकू म्हणतात.

बियाणं आणायचं तर रायपूरचं प्रतीक नाही तर महातिवडा, त्यात ओडॅप कमी, हेही काकांनी भाच्याच्या शेतावर जाऊन सांगितलं. भाच्याने ऐकून घेतलं आणि घरचंच फेकलं.

गेल्या दिवाळीला जावई सासऱ्यांच्या ताकदीसाठी जिनसेंगच्या महागड्या गोळ्या घेऊन आले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. जिनसेंगमध्येही ओडॅप सापडतं! चीनमध्ये त्याचं नाव डेन्सिचिन, रक्तस्राव थांबवायला वापरतात. "म्हंजे जावईबापू, गरिबानं खाल्लं तर लकवा, अन् बाटलीत भरलं तर टॉनिक. यात मात्रा किती?" ती बाटलीवर छापलेली नव्हती. जावयांनी वडा उचलला.

एवढं सगळं सांगताना काकांचे दोन्ही हात मोकळे नसतात. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन ते खर्रा घोटत असतात. परवा न राहवून मीच विचारलं, "काका, याची मात्रा किती?"

काकांनी चिमूट गालात सरकवली. "सॅम्पल रोज घेतो ना बावा. रिपोर्ट यायचा आहे."

"चाळीस वर्सं झाले," आतून काकूंचा आवाज आला.