दोन मिलिमीटरचा कारभार

प्लॅन पास झाला. मानखुर्दच्या खाडीकाठच्या त्या प्लॉटवर आता इमारत उभी राहणार, आणि तिवरांपासून ती बरोब्बर 50 मीटर 20 सेंटिमीटरवर असणार. कायद्याने 50 मीटर मागितले, बिल्डरने वर एक वीत सोडली. खाडीला इतका दिलदार माणूस आजवर भेटला नव्हता.

ही वीत सापडली कुठे, म्हणून नकाशाकडे वळावं. किनारपट्टीचा सरकारी नकाशा 1:25,000 प्रमाणात असतो. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. म्हणजे तिवरांभोवती राखायचा 50 मीटरचा पट्टा कागदावर भरतो दोन मिलिमीटर. पोरांच्या कंपासपेटीतलं जाड स्केचपेन घ्या, त्याची रेघही तेवढीच. अख्खा बफर झोन रेघेच्या पोटात मावतो. आणि वीत? तिला कागदावर उतरवायचं तर डोक्यावरचा एक केस उपटून त्याचे उभे सात-आठ काप करावे लागतील, त्यातला एक काप म्हणजे ती वीत. मोठ्या प्रमाणाचा, 1:4,000 चा नकाशा काढला तरी ती जेमतेम केसाएवढी. एवढा बारीक केस सरकारी टेबलावर, वरती पंखा गरगरत असताना कुणी तरी मोजला. या देशात नजर अधू झाली असं कोण म्हणतं?

आता रेघ जाड म्हटली की तिला दोन कडा आल्या, आणि कडा दोन असल्या की माणसंही दोन प्रकारची लागतात. अलीकडून मोजणारी आणि पलीकडून मोजणारी. अलीकडून मोजलं तर बिल्डिंगचं पार्किंग, जिम आणि अर्धा स्विमिंग पूल पट्ट्यात येतो. पलीकडून मोजलं तर प्लॉट मोकळा. रेघेचा मध्य धरा, असा सुवर्णमध्यही निघतो. त्यात जिम वाचते, पूल तेवढा सरकवावा लागतो. मग फाईल टेबलावरून टेबलावर जाते आणि परत येते तेव्हा रेघ आपोआप पलीकडे गेलेली असते. शेरा असतो, ‘सदर भूखंड बाधित होत नाही.’ खरंच आहे. भूखंड कधीच बाधित होत नाही, बाधित होतात ती तिवरं. याच प्लॅनवर बाथरूमच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, जिन्याच्या पायरीची उंची असते, पार्किंगमधल्या गाड्यांना चाकंसुद्धा काढलेली असतात, बागेत लावायच्या पामच्या झाडाला नंबर दिलेला असतो. तिवरं मात्र प्लॅनच्या कडेला एका ढगासारख्या आकारात गुंडाळून ठेवलेली. नियम म्हणतो, तिवरांचं क्षेत्र हजार चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती 50 मीटरचा पट्टा. त्यामुळे मोजणीला उभं राहिलं की काही काही ठिकाणची तिवरं हटकून 990 वर अडतात. बिचारी वाढतच नाहीत.

गंमत अशी की हीच खाडी ब्रोशरमध्ये बाल्कनीच्या खाली येते. फाईलीत ती लांब, हाताबाहेर. ब्रोशरमध्ये हात लांबवला की फ्लेमिंगो. क्रीक व्ह्यूचे पैसे वेगळे. वाशीच्या पुलापलीकडे 2015 पासून फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, 2022 साली त्याला पाणथळ जागांसाठीचा रामसरचा जागतिक दर्जा मिळाला. त्या दिवसापासून रोहित पक्ष्याचं काय भलं झालं ते त्यालाच ठाऊक, फ्लॅटचा भाव मात्र वधारला.

आणि इमारत हलत नसेल तर तिवरं हलवता येतात. ती कला आपल्याकडे जुनी आहे. रात्री डेब्रिजचे डंपर येतात, भरतीचं पाणी आत येतं त्या तोंडाशी चार फेऱ्या रित्या होतात. पाणी अडलं की चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळं माती आणि सिमेंटच्या तुकड्यांखाली गुदमरतात. पानं पिवळी पडतात, मग करडी, मग नुसती खोडं. तेव्हा कुठे साईट व्हिजिट होते, तीही ओहोटीला, बुटांना चिखल लागू नये म्हणून. अहवाल येतो, ‘पाहणीवेळी जिवंत तिवरे आढळून आली नाहीत.’ इमारतीने तिवरांपासून लांब राहावं असा नियम होता. तिवरंच इमारतीपासून लांब गेली. अंतर पाळलं गेल्याशी कारण.

इथवर हसता येतं. पण याच काठावर मंडाळ्याच्या झोपड्या आहेत. तिथे हीच रेघ येते तेव्हा पेन कुणी मध्यावर धरत नाही, सुवर्णमध्य काढत नाही, केस चिरत नाही. तिथे रेघ जाडच असते आणि ती सगळी जाडी झोपडीच्या अंगावर. पत्रे, भांडी, पोरांची दप्तरं एका सकाळी रस्त्यावर. तिवरं वाचवायची म्हणून! पर्यावरणाचा कळवळा दहा बाय बाराच्या खोलीसमोर उफाळतो आणि बावीस मजल्यांसमोर त्याला मिलिमीटर आठवतात, हा कुठला न्याय? झोपडीवाल्याला आर्किटेक्ट परवडत नाही, हाच त्याचा गुन्हा.

सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) 1991 साली आलं, 2011 साली नव्याने आलं, 2019 साली पुन्हा बदललं. पेन तेच राहिलं. तिवरं तोडणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं 2018 साली न्यायालयाने बजावलं, उद्ध्वस्त केलेली पुन्हा उभी करा असंही सांगितलं. त्या निकालाची प्रतही याच फाईलीत लावलेली असणार, पान नंबर टाकून. आणि 26 जुलै 2005? त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तेही मिलिमीटरच, पण पाऊस एकास एक प्रमाणात पडतो. त्याला अलीकडची कड दाखवता येत नाही.

तर मागणी साधी आहे. प्लॅनच्या कोपऱ्यात मालकाच्या, आर्किटेक्टच्या, साहेबांच्या सहीचे रकाने असतात. एक वाढवा, ‘रेघ कोणी मारली’. नाव लिहायला संकोच वाटत असेल तर निदान पेनाचा मेक लिहा. पुढेमागे इमारतीत पाणी शिरलं, तर चौकशी समिती नेमून त्या पेनाला निलंबित करता येईल. सहा महिने अर्ध्या शाईवर घरी बसेल आणि मग पूर्वलक्षी बढतीसह त्याच टेबलावर रुजू होईल.